पंचफुलाबाई आधी शेजार बघत

नागपुरात भाड्याचं घर बघायला जाताना लोक चारचौघांत वजन असलेला एखादा माणूस सोबत नेतात. आम्ही इतवारीतले लोक पंचफुलाबाईंना नेत असू. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातात एक पितळेची वाटी. मी शाळेत मास्तरीण म्हणून नोकरीला लागले आणि खोली शोधू लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, की घर बघायला वाटी कशाला? त्या म्हणाल्या, "माही नाही ते. गोपिकाबाईची हाये." माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण बाईंना दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती नव्हती.

खोली दाखवणारे गृहस्थ फार गोड बोलत होते. भिंतीला ताजा चुना, खिडकीला गज, नळ चार पावलांवर. मी मनातल्या मनात माझी खाट कुठं मांडायची तेही ठरवून टाकलं. पंचफुलाबाईंनी खोलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाटी घेऊन त्या सरळ शेजारच्या घरात शिरल्या आणि म्हणाल्या, जरा विरजण द्या. तिथं त्यांनी बसकण मारली. मी उन्हात उभी. तासाभरानं वाटीत दह्याची कवडी घेऊन त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "चाला." रस्त्यात कळलं, की ते गृहस्थ स्वतःच तिथं भाड्यानं राहत होते. घरमालकानं त्यांना घर सोडायला सांगितलं होतं आणि जाता जाता माझ्याकडून अनामत घेऊन जायचा त्यांचा विचार होता. एवढा सोज्वळ माणूस! बाईंना मात्र काहीच वाटलं नाही. त्या म्हणाल्या, यापेक्षा सोज्वळ मी पाहिलेला आहे.

तो सोज्वळ माणूस म्हणजे बाबाराव. ही हकीगत मला बाईंनी एका बैठकीत सांगितली नाही. तुकड्यातुकड्यानं सांगितली, कधी शेंगा सोलताना, कधी गहू निवडताना. ऐकताना मला दर खेपेला धक्का बसे, आणि दर खेपेला वाटे, आता यापुढे काही उरलेलं नसणार.

पंचफुलाबाई मूळच्या हिंगण्याकडच्या. घरची शेती, नवरा नानाजी, बोलण्यापेक्षा तंबाखू मळण्यात पटाईत. सुमती ही एकुलती लेक. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पोरगी अडली, सुईणीनं हात टेकले, तेव्हा बंडी जुंपून सगळे नागपूरच्या वाटेला लागले. वाटेत वेणा नदीला पूर. बंडी अलीकडच्या काठावर उभी राहिली. बाळ तिथंच बंडीत जन्मलं आणि तिथंच गेलं. नागपूर पलीकडे एवढंसं अंतर होतं.

पुढं सुमतीला पुन्हा दिवस राहिले तेव्हा बाईंनी पण केला, की नदी चढायच्या आत पोरीला नागपुरात आणून ठेवायचं, मग इकडची दुनिया तिकडे होवो. सीताबर्डीला बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं, शेवटचे महिने जवळ राहा. बाहेर झाडाखाली मायलेकी बसल्या होत्या, नानाजी तंबाखू मळत होते. तिथं बाबाराव भेटले. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळाला गंध, हातात छत्री. त्यांनी आपणहून चौकशी केली. गाव कोणतं, पोरीला कितवा महिना, पहिलं की दुसरं. पहिल्याचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं की खोटं, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मला विचाराल तर असल्या माणसांना पाणी खरंच येतं, म्हणून तर त्यांचा धंदा चालतो.

घर धंतोलीत होतं. आपलंच आहे, मुलंबाळं पुण्याला गेली आहेत, उगाच कुलूप लावून ठेवण्यापेक्षा गरजवंताला द्यावं, असं बाबाराव म्हणाले. वैशाखातली भर दुपार होती. नागपूरची वैशाखातली दुपार ज्यानं सोसली आहे, त्याला सांगायला नको. गल्लीत कुत्रंही नव्हतं. घराघरांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या आणि माणसं आत अंधारात पडलेली. बाबारावांनी खिशातून किल्ली काढली आणि सवयीच्या हातानं कुलूप उघडलं. आत भांडीकुंडी होती, पाटा-वरवंटा होता, एका खोलीला वेगळं कुलूप होतं. देवघर तेवढं रिकामं. बाईंनी यातलं सगळं पाहिलं, पण बघितलं एकच. मागच्या अंगणात तुळस होती. उन्हानं शेवग्याची पानं करपली होती, पण तुळस काळीभोर, टवटवीत, आणि वृंदावनातली माती ओली.

बाईंच्या गावी समज असा, की वैशाखात ज्याची तुळस हिरवी, त्याचं घर खरं. परक्याच्या तुळशीला अशा उन्हात रोज पाणी कोण घालतो? बाबारावांना विचारलं तर ते म्हणाले, मीच घालतो, रोज सकाळी. आणि हे अक्षरशः खरं होतं. बाईंनी नानाजींकडे पाहिलं, नानाजींनी कंबरेची पैशांची कसणी सोडली आणि दिवाळीपर्यंतचं भाडं बाबारावांच्या हातावर ठेवलं. पावती मागायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तुळशीच्या धन्याला पावती मागायची त्यांना लाज वाटली असती.

जाताना बाबारावांनी दाराशी थांबून आवाज खाली आणला. शेजारच्या घराकडे नुसती मान वळवून म्हणाले, की तिथल्या बाईंच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली, पदरात काही नाही. तुमची लेक भरल्या पोटाची, आधीच एकदा पोळलेली. मी काही म्हणत नाही, पण जाणं-येणं ठेवू नका.

मला या माणसाचा संताप येतो तो इथं. चोराला कुलूप फोडावं लागतं, भिंतीला भोक पाडावं लागतं. यानं काहीच केलं नाही. आईच्या जिवातली भीती तेवढी हातात घेतली, आणि बाईंनीच दार आतून लावून घेतलं. बाई शेजारी जाऊन एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं त्याच दिवशी उघडं पडलं असतं. नेमकं तेच होऊ नये अशी त्यानं व्यवस्था केली होती.

नानाजी आणि जावई पेरणीच्या तयारीसाठी गावी गेले. मायलेकी दोघीच राहिल्या. शेजारच्या त्या बाई म्हणजे गोपिकाबाई. त्यांचे यजमान मनोहरराव कचेरीत नोकरीला होते. बाबाराव त्यांनाही जाऊन सांगून आला होता, की ही मंडळी वामनरावांच्या ओळखीची आहेत, त्यांनीच उतरवायला सांगितलं आहे. वामनराव कोण, ते पुढं येईलच. गोपिकाबाई भिंतीपलीकडून हसायच्या, तेव्हा पंचफुलाबाई सुमतीला पदराआड घेऊन आत जायच्या. एका सकाळी गोपिकाबाईंनी कैरीचं पन्हं केलं आणि पितळेच्या वाटीत घालून, वर पान झाकून, भिंतीवरून दिलं. पोरीला द्या म्हणाल्या, उन्हाचं बरं असतं. पंचफुलाबाईंनी वाटी घेतली. गोपिकाबाई आत वळल्यावर त्यांनी पन्हं शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं, वाटी राखेनं घासली आणि रिकामीच परत केली.

आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. रिकामी वाटी म्हणजे पुन्हा देऊ नका. हे खेड्यातल्या बाईला कळतं आणि धंतोलीतल्याही. त्यानंतर भिंतीवरून काही आलं नाही.

आता वामनराव. त्या काळी उन्हाळा लागला की सरकारचं सेक्रेटेरिएट थंड हवेच्या पचमढीला जाई. फायली, शिपाई, कारकून, सगळं वर. ऑफिस वर गेलं, ऑफिस खाली आलं, असं नागपूरकर तेव्हा सहज बोलत. बरेच कारकून बायकामुलांना घेऊन जात आणि इथं घराला कुलूप लागे. कुलूप लावताना बायकांना एकच काळजी, की तुळशीचं काय? ती उन्हात जळाली तर घराला अपशकुन. म्हणून कुणीतरी विश्वासाचा माणूस बघून त्याच्याकडे किल्ली देत. धंतोलीत असा विश्वासाचा माणूस बाबाराव होता. वर्षानुवर्षं तो घरोघरच्या तुळशी जगवत आला होता. वामनराव सेक्रेटेरिएटात कारकून, त्यांची पत्नी इंदुताई, आणि ज्या घरात पंचफुलाबाईंनी चूल पेटवली ते घर या दोघांचं.

आषाढात ऑफिस खाली आलं. पंचफुलाबाई पाट्यावर मिरची वाटत बसल्या होत्या. दाराशी टांगा थांबला. ट्रंका, वळकट्या, देवांची टोपली, आणि एक गोऱ्या, बारीक अंगाच्या बाई चपलांसकट ओसरीवर चढल्या. पंचफुलाबाईंना वाटलं, घर चुकलं असेल. त्या तिखटाच्या हातानंच उठल्या आणि जरा ठसक्यात म्हणाल्या, "कोन पाह्यजे तुमाले? चपला बाहेर काढा वं बाई, लोकाच्या घरात कशा घुसून राहिल्या?"

इंदुताईंनी पाट्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या परक्या हंडीकडे पाहिलं, दोरीवरच्या लुगड्यांकडे पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे माझं घर आहे." पंचफुलाबाई हसल्या. म्हणाल्या, घर बाबारावांचं आहे, आम्ही दिवाळीपर्यंतचं भाडं दिलं आहे. इंदुताईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या तडक स्वयंपाकघराकडे निघाल्या.

स्वयंपाकघराची चौकट बुटकी होती. पंचफुलाबाई इतके दिवस त्या घरात राहत होत्या, तरी ती चौकट त्यांच्या कपाळाला लागायची. कपाळावर तेव्हाही टेंगूळ होतं. इंदुताई चालता चालता त्या चौकटीशी आल्या, वर न बघता त्यांची मान आपोआप खाली झाली, आणि त्या आत गेल्या.

"तवाच समजलं मले," बाई मला म्हणाल्या. "कागद पाह्यला असता तरी मी भांडली असती. पन त्या बाईची मान वाकली, अन् माह्या अंगावर काटाच आला. म्हनलं, घर हिचंच हाये. मंग आपन कोन?"

यानंतरचं सगळं एकदम झालं. वामनराव आत आले आणि आरडाओरडा करू लागले. चोर, लबाड, पोलिसात देतो. त्यांनाही दोष देता येत नाही, माणूस प्रवासातून आपल्या घरी येतो आणि आपल्या घरात परकं बिऱ्हाड बघतो, तर काय आरती ओवाळणार? पंचफुलाबाई बाबारावांचं नाव घेत राहिल्या, आणि ते नाव ऐकून वामनराव आणखीच हबकले. बाबाराव? आपला बाबाराव? ते खाली ट्रंकेवर बसले. तेवढ्यात मधल्या खोलीतून आवाज आला. सुमतीनं सगळं ऐकलं होतं. ती भिंतीला धरून उभी होती, ती तशीच खाली बसली. धसक्यानं तिला कळा सुरू झाल्या.

बाहेर पाऊस, वेणेला पाणी, नानाजी गावी. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच पुन्हा पुढ्यात. पोरगी अडलेली आणि डोक्यावर छप्पर नाही. इंदुताईंनी देवांची टोपली उचलून छातीशी धरली. त्या म्हणाल्या, "अहो, माझे देव अजून टोपलीत आहेत. सोयर नको हो माझ्या घरात." हे ऐकून मी इंदुताईंवर चिडले होते, तर पंचफुलाबाईंनीच मला गप्प केलं. म्हणाल्या, तिचा काय गुन्हा? तिला तर हेही माहीत नव्हतं की तिच्या घरात आपण आहोत.

भिंतीपलीकडून गोपिकाबाईंचा आवाज आला. "इकडे आणा तिला. आधी इकडे आणा." मनोहरराव तोवर सायकल घेऊन डॉक्टरीणबाईंकडे निघालेही होते. गोपिकाबाईंनी आपल्या खोलीत आपलं अंथरूण पसरलं, चुलीवर पाणी ठेवलं. आणि पंचफुलाबाई? त्या लेकीला घेऊन त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. सगळं उघड झालं होतं, बाबाराव लबाड ठरला होता, त्याचा शब्दन् शब्द खोटा निघाला होता, तरी त्यातला एक शब्द अजून बाईंच्या पायात अडकला होता. मला हे ऐकून त्यांच्या तोंडाकडे बघवेना. शेवटी सुमतीच म्हणाली, "माय, चाल न वं," आणि आईला ओढून आत गेली.

बाबारावाचं काय झालं, ते इथंच सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. पोलीस आले, तोवर पाखरू उडालं होतं. त्या उन्हाळ्यात धंतोलीतल्या आणखीही घरांत त्यानं असेच भाडेकरू बसवले होते. त्याच्या राहत्या घराला कुलूप होतं आणि तेही घर भाड्याचंच निघालं. तुळशी मात्र सगळ्या जिवंत होत्या, एकही जळाली नव्हती.

दहा दिवस मायलेकी गोपिकाबाईंकडे राहिल्या. पुढं जावयाला इतवारीत धान्याच्या अडतीवर काम मिळालं आणि बिऱ्हाड इकडे आलं. निघताना गोपिकाबाईंनी नव्या घरी दही लावायला विरजण दिलं, त्याच वाटीत. तेव्हापासून घर कुणाचंही असो, पंचफुलाबाई आधी शेजारी जातात. घर एकदा दुपारी बघायचं आणि एकदा चुली पेटायच्या वेळी, गल्ली जागी असताना. गवळणीला विचारायचं, इथं दूध कुणाच्या नावानं घालतेस? पैसा द्यायचा तो शेजाऱ्यासमोर, आणि पावती घेऊन. मालक शेजाऱ्यापुढं यायला कां-कू करत असेल तर चपला घालायच्या. आणि जो म्हणेल, शेजारी बोलू नका, त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. आमच्या गल्लीतल्या पोरीबाळींनाही हे तोंडपाठ झालं आहे.

पण त्या दिवशीची एक गोष्ट बाईंनी मला फार उशिरा सांगितली. डॉक्टरीणबाई वेळेवर पोचल्या. मुलगी झाली, रडली, आणि ते रडणं ऐकून पंचफुलाबाई भिंतीला टेकून ढसढसा रडल्या. मग त्यांना आठवलं, की गोपिकाबाई कुठं आहेत? पाणी तापवून दिलं तेव्हापासून त्या दिसल्या नव्हत्या. त्या ओसरीवर नव्हत्या, स्वयंपाकघरातही नव्हत्या. बाई परसात गेल्या. तिथं धुण्याच्या दगडावर गोपिकाबाई बसल्या होत्या. वळचणीचं पाणी खांद्यावर पडत होतं, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, आणि पाठ आपल्याच घराकडे.

"इथं काहून बसल्या?" बाईंनी विचारलं.

गोपिकाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी शेवग्याच्या बुंध्याशी मुंग्या लागल्या होत्या. भिंतीवरून दिसलं मला. पन्हं गोड होतं ना." मग म्हणाल्या, "एकदा दाराशीही आले होते. म्हटलं, विचारावं, इंदूची पत्रं-बित्रं येतात का. तुम्ही कडी लावलीत. म्हटलं, असू दे. आज पोरीवर माझी सावली नको." आणि मग अगदी हळू विचारलं, "सुटली का सुखरूप?"

पंचफुलाबाईंनी गोपिकाबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना उठवलं. गोपिकाबाई आपल्याच घराच्या उंबऱ्याशी थांबल्या. आत जाऊ का, असं त्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

हे सांगून बाई गहू निवडत राहिल्या. मग सुपातले खडे बाजूला करत त्याच म्हणाल्या, "बाबारावानं मले कसं फसवलं, ते मी पोलिसाले सांगतलं, साऱ्या इतवारीले सांगतलं. पन ते बाई आपल्या घराबाहेर पान्यात बसून होती. तिले त्यानं नाही बसवलं. तिले मी बसवलं."